ब्रेडाला नेलेला हिरवा गहू

गुड फ्रायडेला आमच्या डच गावात, अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये, बरीच ऑफिसं चालू असतात, ट्रामही नेहमीसारख्याच. मी मात्र मांडीवर गव्हाच्या कोंबांची ताटली धरून बसले होते.

शेजारच्या रोझारियाबाई ब्याऐंशी वर्षांच्या, दक्षिण इटलीतल्या. त्यांच्याकडे या दिवसासाठी ओल्या कापसावर गहू रुजवतात आणि अंधारात वाढवतात. फिकट पिवळे कोंब येतात, ते येशूच्या निजलेल्या मूर्तीपाशी ठेवायचे. नवरा गेल्यापासून त्याच्या नावाची ताटली त्या दरवर्षी ब्रेडातल्या इटालियन मंडळींच्या प्रार्थनेला नेतात. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ताटली माझ्याकडे दिली. कपाटात ठेव, म्हणाल्या होत्या. मला वाटलं, जागेची अडचण असेल. कोंब अगदीच आजारी दिसत होते, म्हणून मी तीन दिवस खिडकीत ऊन दाखवलं. अंधाराचं कारण गुरुवारी त्यांच्याशी फोनवर बोलताना कळलं: थडग्यातल्या येशूसारखा गहूही अंधारात ठेवायचा. तोवर गहू हिरवागार झाला होता आणि मी त्यांना काहीच बोलले नाही.

निघताना ह्यांनी टोमणा मारलाच, "घट जागचा हलवायचा नसतो, हेही विसरलीस का?"

आमच्या जवळच्या झाउद स्टेशनहून ब्रेडा साधारण तासाभरावर. वेगवान गाडीला जादा भाडं पडतं, तेवढं आधी बघून घ्या. पुढे चर्चपर्यंत पंधरा मिनिटं चालत. वाटेत लोक उन्हात बिअर पीत बसले होते. मी पावलागणिक ताटलीकडे बघत होते.

आत वेदी उघडी, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. या दिवशी घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी एक आजोबा लाकडी खुळखुळा वाजवत होते. लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये आमच्या सिस्टर्स या दिवसांत मूर्तींवर जांभळं कापड घालत आणि आम्ही मुली पाय न वाजवता चालायचो. आत्ताही तशीच चालत गेले.

मूर्तीभोवती सगळ्या ताटल्या पिवळ्या. मांडणी बघणाऱ्या कार्मेलाबाईंनी माझी हातात घेतली.

"ही रोझारियाची?"

"हो. पण चूक माझी आहे."

त्यांनी ती मागच्या रांगेत ठेवली. क्रूसाच्या पायांचं चुंबन घ्यायला लोक एकेक करून पुढे गेले. मी ताटलीचा फोटो काढला.

बाहेर माझ्या डब्यात उपासाची म्हणून आणलेली साबुदाण्याची खिचडी बघून कार्मेलाबाईंनी घटक विचारले. बटाटा, शेंगदाणे, तूप. "हा उपास? मग तुम्ही जेवता तेव्हा काय खाता?" त्या दिवसभर पाण्यावर होत्या.

संध्याकाळी रोझारियाबाईंना सगळं सांगितलं आणि फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला. मी शिक्षेची वाट बघत उभी होते.

"माझा नवरा तरुणपणी लिम्बुर्गमध्ये कोळशाच्या खाणीत होता," त्या म्हणाल्या. "अंधार पुष्कळ झाला त्याला."

तुम्ही गेलात तर तीनच्या आधी पोचा, बसायला जागा मिळते. मला त्या चर्चची उंची, रंगीत काचा फारशा आठवत नाहीत. रोझारियाबाईंनी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला, एवढं लक्षात राहिलं आहे.