आईचा शेक

दाढदुखी सहन होते, आईचा इलाज होत नाही. माझा उजवा गाल सुजायला लागला तेव्हा डॉक्टरच्या आधी तवा तापला. खडेमिठाची पुरचुंडी करून आईने दिवसभर गाल शेकला. मी चाळिशीतला बाप्या, पण आईपुढे कुणाचं काय चालतंय? संध्याकाळपर्यंत गाल गरगरीत झाला आणि डोळा बारीक.

"आतली घाण भायेर येतीया," आई म्हणाली. "गुण हाय ह्यो."

सकाळी तोंडात चमचाही जाईना, तेव्हा तिनेच रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "पावणं, कुणी हाणलं वो?"

"दाढ सुजलीया!" आई खेकसली. "तू म्होरं बघून चालीव."

राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाल चाचपला. "बाहेरून शेक कुणी दिला? असल्या गळवाला शेकलं की सूज वाढते."

"मी," आई म्हणाली.

बाईंनी पू काढला, मला ब्रह्मांड आठवलं, गोळ्या मिळाल्या. परतताना आई गप्प. घरीही गप्प. जिची हाक चौकात ऐकू जाते ती बाई पेजेची वाटी पुढ्यात ठेवायची आणि आत जायची. शेजारीण विचारायला आली तर "हाय बरं" एवढंच. सूज रोज उतरत होती, पण या शांततेची मला धास्ती बसली. "तुझ्या शेकानं जरा हलकं वाटलेलं," असं खोटंही बोलून पाहिलं. तिने वाटी उचलली आणि गेली. आई एवढीशी झालेली मला बघवेना.

तोंड थोडं उघडायला लागलं तसा मी शर्ट चढवून कोपऱ्यावर गेलो आणि झणझणीत मिसळ हाणली. जखम पेटली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शर्टावर कटाचा लाल डाग. अशा अवतारात घरी आलो तर आई दारातच.

"मिसळ खाल्लीस व्हय रं, मुडद्या? दाढंत भोक पडलंय आन् कट वरपतूयास? डोस्कं हाय का खोकं? गोळ्या काय उंदरानं खायच्या?"

समोरची खिडकी उघडली. मग वरची. तोंडाची नुसती आग होत होती, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खाली मान घालून मी सगळ्या शिव्या ऐकल्या. श्वास घ्यायला ती जरा थांबली, तेव्हा घाईघाईने म्हणालो, "दोन प्लेट खाल्ल्या."