लोधिवलीपर्यंतची घरं

सायकलवरून लांब लांब जाऊन आलेल्या पुरुषांच्या गप्पा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. गिअर, टायर, उलटा वारा, कुठल्या ढाब्यावर मिसळ बरी मिळते, सगळं ते रंगवून सांगतात. लघवीला कुठे थांबलात ते मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यांना तो प्रश्नच पडलेला नसतो. झाड दिसलं की झालं. बाईने सायकलवरून गोव्याला जायचं ठरवलं की तिच्यापुढे पहिला प्रश्न हाच. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती पाणी कमी पिते, मग उन्हात तिचं डोकं दुखतं, आणि मग हेच पुरुष म्हणतात, बायकांना झेपत नाही.

मी आणि माझी मैत्रीण शेलूला एकाच इमारतीत राहतो. पन्नाशीला टेकल्यावर दोघींनी एकदमच सायकली घेतल्या. आधी नेरळपर्यंत, मग कर्जतपर्यंत, असं करत करत एकदा ती माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "आपण गोव्याला जाऊया का गं? सायकलने?" मी वाटाणे सोलत होते. हो म्हणाले आणि सोलत राहिले, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

रस्ता ठरवायचं काम मी घेतलं. माझी रीत अशी की रस्ता नाही, घरं ठरवायची. रविवारी एकटीने निघायचं आणि रस्त्यापासून जरा आत असलेलं, अंगणात बाईमाणूस दिसणारं घर हेरायचं. पहिल्या खेपेला फक्त पाणी मागायचं. बसायचं, वालाला फुलं आली का विचारायचं. पायखान्याचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या खेपेला जाताना बिस्किटांचा पुडा न्यायचा. तोवर त्या घरातली बाईच म्हणते, आत जाऊन या, हातपाय धुवा. त्यातलं काय समजायचं ते बायकांना बरोबर समजतं. मग तिला सांगायचं की एक दिवस मी आणि माझी मैत्रीण गोव्याला जाताना तुमच्याकडे थांबू.

अशी घरं मी भिवपुरीपासून लोधिवलीपर्यंत जोडली आणि प्रत्येक घर घरी येऊन तिला खाणाखुणांसकट सांगितलं. पाऊस गेल्यावर सुरू केलं ते वालाच्या शेंगा येईपर्यंत चाललं होतं. पुढचं मी मुद्दाम राखून ठेवलं. लोधिवलीच्या पुढे मीही कधी सायकल नेली नव्हती. "पुढची घरं दोघी मिळून शोधू, नाहीतर माझ्यासाठी काय उरलं?" असं तीच म्हणाली होती, आणि मला ते फार आवडलं होतं. आम्ही दोन जांभळे शर्टही शिवून आणले, अगदी एकसारखे.

मग तिचा गुडघा दुखायला लागला. निघायचं म्हटलं की दुखायचा. मी वर्षभर थांबले. तिला तेल आणून दिलं, तिची गिरणीतली दळणं आणली, लिफ्ट बंद असली की तिची भाजीची पिशवी वर नेली. मध्ये भाताच्या कापणीच्या सुमारास ती नाशिकला बहिणीकडे जाऊन आली, तिथे कोणी मालिशवाली चांगली आहे म्हणून. परत आली ती उन्हाने रापलेली. नाशिकला गच्चीवर बसून मालिश करतात वाटतं, असं मी तिला चिडवलंसुद्धा. ती हसली.

जानेवारीत मी एकटीने जायचं ठरवलं आणि आदल्या संध्याकाळी तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "एकटी नको गं जाऊस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि गेलीस तरी सरळ हायवेने जा. ती घरं शोधत कशाला बसतेस? वेळ जातो." मला वाटलं, माझ्या काळजीने बोलतेय. तिच्याविना मी त्या घरांत जाणार म्हणून तिला वाईट वाटत असेल, असंही वाटलं. माणूस आपल्या माणसाबद्दल किती चांगलं चांगलं रचत बसतो!

भिवपुरीचं घर एका म्हाताऱ्या शेतकरणीचं. घरात सून, नातू, पुढे वालाचं वावर. मी अंगणात सायकल टेकवली तशी ती उठलीच.

"अगो बाय, तू आलीस? सायकलवर? पाय बरा हाय का आता?"

"कुठला पाय, आजी?"

"गुडगा गं. तुझ्या बाया बोलल्या ना, तुझा गुडगा गेलाय. कापनीच्या टायमाला आल्या होत्या. त्या तुझ्याच आळीच्या बाईनं तुझं नाव सांगितलं, मंग मी सगळ्यांना भाकरी घातली. पाच का सहा होत्या, मागं टेंपो होता सामानाचा. तिच्या अंगात असाच शर्ट होता."

तिने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून दाखवली.

मला आधी काहीच कळलं नाही. गुडघा तिचा. दुखणं तिचं. ते माझ्या अंगाला कसं चिकटलं? मग कळलं, आणि कळल्यावर मी अंगणातल्या खाटेवर बसले. म्हातारीला वाटलं, गुडघाच तो.

"बस तशीच. निरगुडी हाय परसात," म्हणत ती मागे गेली. सुनेने तव्यावर पाला गरम केला. म्हातारीने तो माझ्या धडधाकट गुडघ्यावर लावला आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने करकचून बांधला. मी बांधून घेतला. काय सांगणार होते? की माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने तुम्हाला खोटं सांगून तुमच्या भाकरी खाल्ल्या? परक्या अंगणात आपल्या घरचा उकिरडा उकरायची मला लाज वाटली. वर म्हातारी म्हणाली, "लय जीव हाय तिचा तुझ्यावर. सारखी तुझंच बोलत होती."

मी पट्टी तशीच ठेवून निघाले. कर्जत ओलांडून चौक गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत मला काही दिसलं असेल तर आठवत नाही. नाशिक, मालिश, ते रापलेलं तोंड, सगळं एकेक डोक्यात येत होतं आणि मी मोठ्याने बोलत होते. एका मोटारसायकलवाल्याने मागे वळून पाहिलं. बघ बाबा, म्हटलं, हवं तेवढं बघ.

मध्ये चढ लागला. मी सवयीने उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. आमची ती पहिल्यापासूनची रीत होती, चढ आला की उतरायचं. दोघी बाजूबाजूने चालायचो आणि खरं बोलणं तिथेच व्हायचं. तिच्या नवऱ्याचं आजारपण तिने मला अशाच एका चढावर सांगितलं. नोकरी सोडायचं माझं दुसऱ्या चढावर ठरलं. सायकल चालवण्यात मला सगळ्यात काय आवडतं असं कोणी विचारलं असतं तर मी चढ म्हणाले असते. निरगुडीचा पाला गार पडून पोटरीवर घसरत होता. तो मी काढला नाही.

वाटेत मी तिच्या बाजूनेही विचार करून पाहिला. असेल काही अडचण. दुसऱ्या बायकांनी अचानक गळ घातली असेल, नाही म्हणवलं नसेल, मग मला सांगायची भीती वाटली असेल. चौकला पोचेपर्यंत मी तिला जवळजवळ माफही करून टाकलं होतं. लोधिवलीच्या ताईंना विचारू, म्हटलं. त्या आडपडदा ठेवणाऱ्यांतल्या नाहीत.

ताई आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर, लख्ख आवरलेलं, बाथरूमला आतून बाहेरून कडी. त्यांनी मला पाहिलं, पट्टी पाहिली आणि दारातच माझा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला.

"याला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच झालेलं."

मग त्यांनी चहा टाकला आणि माझ्यासमोर बसल्या. मी विचारलं, ती काय म्हणाली होती?

"मला मधे पडायचं नाही हो."

"पडलाच आहात. तिने माझ्या नावावर तुमच्याकडे आंघोळी केल्या."

तेव्हा त्या बोलल्या. "मला त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. पण इथे ओट्यावर त्या आपसांत बोलत होत्या, ते आत ऐकू येत होतं. बाकीच्या म्हणाल्या, तिला पण आणायचं होतं की, तिचीच सगळी ओळख. तर तुमच्या या मैत्रीणबाई म्हणाल्या, नको गं बाई, ती प्रत्येक चढाला उतरते. मग आपण उतरायचं आणि तिची बडबड ऐकत चालायचं. इतकी वर्षं तेच केलं." ताईंनी कप माझ्याकडे सरकवला. "मला राग आला होता. पण पाहुण्या होत्या."

मी चहा प्यायले. साखर जास्त होती, तीही प्यायले. आजपर्यंत कोणी मला शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं. ती लपूनछपून गेली हे मी गिळलं असतं. पण मी चढांवर जे जपलं होतं, ते कधी संपतंय याची ती तिथे नुसती वाट बघत होती! मला रडू आलं आणि ताईंनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. उलट नळ सोडून दिला, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको.

ताईंकडून निघाल्यावर रस्त्याच्या कडेला उभी राहून मी तिला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठे पोचलीस?"

"लोधिवली ओलांडतेय."

"ताईंकडे थांबलीस?"

"नाही," मी म्हटलं. "तू म्हणालीस ना, सरळ जा."

तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तेवढं एक दार मी तिच्यासाठी उघडं ठेवलं होतं. आत्ता जरी बोलली असती ना, मी ताईंच्या दारात परत जाऊन बसले असते, पुढच्या लोकलने ये म्हणाले असते, आणि उरलेला सगळा रस्ता तिला पायी चालवत नेलं असतं.

"तसाच गं. जिना उतरताना जीव जातो," ती म्हणाली. आणि मग अगदी जुन्या आवाजात, खरोखरच्या काळजीने, "तू पाणी पी नीट. उगाच कमी पिऊ नकोस. पेण सोडल्यावर डाव्या हाताला पेट्रोल पंप लागेल, तिथे जाऊ नकोस, बाथरूम फार घाण आहे. थोडी पुढे जा, निळ्या दाराचं घर आहे, तिथली सून चांगली आहे. माझं नाव सांग."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं असावं. लोधिवलीपुढची घरं दोघींनी मिळून शोधायची होती. ती तिने शोधून ठेवली होती.

"अगं ऐक," ती म्हणाली. "ऐक ना."

मी फोन बंद केला आणि निघाले. त्यानंतरच्या चढांवर मी उतरले नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण उतरले, प्रत्येक चढाला. पेण मागे पडलं. डाव्या हाताला पंप आला. पुढे झाडीतून निळं दार दिसत होतं, अंगणात एक तरुण बाई धुणं वाळत घालत होती. तिने माझा जांभळा शर्ट ओळखला असणार, कारण तिने हात वर केला. मी सायकल वळवली आणि पंपावर गेले.

बाथरूम खरंच घाण होतं. तेवढं मात्र ती खरं बोलली होती.