सिस्टरच्या बोटात शिरलेली सुई

सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात बुद्धप्रिया सिस्टर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना एकच विषय शिकवायच्या. दवाखान्यातला संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ कसा द्यायचा नाही. हात धुणं, हातमोजे उतरवणं, वापरलेली सुई टाकणं. "सुईला टोपण परत लावायचं नाही," हे त्या इतक्यांदा सांगत की पोरं मागे त्यांची नक्कल करत.

त्या सकाळी वॉर्डात धनाजी एका म्हाताऱ्या रुग्णाचं रक्त काढत होता. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं पोर, घराण्यातलं पहिलंच कॉलेजात आलेलं. रक्त नीट निघालं. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि नकळत टोपण उचललं.

"धनाजी, थांब," म्हणत सिस्टरनी हात पुढे केला. तो दचकून वळला. सुई हातमोजा फोडून सिस्टरच्या बोटात शिरली.

नळाखाली साबणानं बोट धुता धुता त्या पोरांना सांगत राहिल्या, "दाबायचं नाही, नुसतं धुवायचं. आणि लगेच जाऊन सांगायचं. लपवायचं नाही." आवाज रोजचाच होता. पण त्या म्हाताऱ्याला एचआयव्ही होता आणि त्यानं औषधं मधेच सोडली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारच्या आत संसर्ग रोखणारी पहिली गोळी पोटात गेली. "वेळेत सुरू झाल्यात, धोका फार कमी," डॉक्टर म्हणाले. सिस्टर स्वतः वर्गात हेच सांगत. पण कमी म्हणजे किती, हा प्रश्न आता त्यांचा पाठलाग करू लागला. महिनाभर गोळ्या, मग तीन महिन्यांनी शेवटची तपासणी.

नवरा यशपाल रोज बार्शीला जाऊन शाळेत शिकवायचा. त्याला त्यांनी सांगितलं. ऐकून तो त्या रात्रीपासून स्वतःचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालू लागला. सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलं. गोळ्यांनी मळमळायचं. जरा अंग तापलं की त्या आरशासमोर उभ्या राहून मानेखालच्या गाठी चाचपायच्या. लेक दीक्षा गळ्यात पडायला आली की बोट पाठीमागे जायचं. त्यांनी स्वतःचा पेलाही वेगळा काढला. पेल्यानं हा आजार पसरत नाही, हे त्या पोरांकडून घोकून घेत. घरात आल्यावर मात्र ते पाठांतर काही कामाला येईना.

एके दिवशी मीनाबाईंनी, सासूबाईंनी, फळीवरचा तो पेला उचलला. "ह्यो कुणाचा?"

"माझा, आत्या."

"वेगळा कशापायी?"

मग लपवणं जमलं नाही. सगळं ऐकून मीनाबाई भिंतीला टेकून बसल्या.

"माज्या आईला गावात च्या वेगळ्या कपात द्यायचे," त्या म्हणाल्या. "पिऊन, इसळून तिनंच कोनाड्यात उपडा ठिवायचा. म्या डोळ्यांनी बगितलंय. माज्या घरात कुणाचा पेला वेगळा ऱ्हायचा न्हाय."

"मला भीती वाटते, आत्या."

"मलाबी लई वाटती की." त्यांनी त्याच पेल्यात चहा ओतला, अर्धा प्यायल्या आणि उरलेला सुनेपुढे धरला.

धनाजी रोज दाराशी येऊन विचारायचा, "सिस्टर, गोळी घेतली?" एकदा म्हणाला, "मी शिकणं सोडतो. सुई बघितली की हातच पुढं जात नाही."

"माझाही जात नाही," सिस्टर म्हणाल्या. "उद्या माझ्यासमोर रक्त काढ. मी बाजूला उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी त्यानं काढलं. वापरलेली सुई टोपण न लावता तशीच सुयांच्या पांढऱ्या डब्यात गेली.

तीन महिन्यांनी तपासणीत काही निघालं नाही. कागद हातात घेऊन सिस्टर बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. यशपालला फोन लागला तेव्हा नुसतं "नाही" एवढंच तोंडून निघालं आणि पलीकडे तो रडू लागला.

नव्या तुकडीला त्यांनी सगळी हकिगत सांगितली. "आता भीती गेली का?" एका मुलीनं विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पोरांना घेऊन वॉर्डाकडे निघाल्या.