म्हाळूची टाच

म्हाळू धनगर कपिलधारच्या डोंगरात मेंढरं राखायचा. निजामाच्या अमलातली गोष्ट. त्या चैत्रात गवत संपलं होतं, म्हणून तो पाला तोडायला बाभळीवर चढला. फांदी मोडली आणि तो उभाच्या उभा खडकावर आदळला. उजवी टाच फुटून हाड बाहेर आलं.

बायकोनं, सत्यभामेनं, त्याला बैलगाडीत घालून बीडला नेलं. डॉक्टरानं टाच चिरली, हाडाच्या कपच्या काढल्या, उरलेलं जुळवलं आणि बजावलं, "तीन महिने पाय टेकायचा नाही."

मेंढरांमागं आता सत्यभामा जायला लागली. म्हाळू राहत्या पालाच्या तोंडाशी पाय उंच ठेवून पडून राही. परसाकडं जायलासुद्धा धाकट्या भावाच्या, सिदूच्या, खांद्यावर लोंबकळावं लागे. ते त्याला दुखण्यापेक्षा जड जाई.

दीड महिन्यानं एका दुपारी मेंढरांच्या वाड्यात मागं ठेवलेली गाभण मेंढी विताना अडली. जवळ कुणी नव्हतं. म्हाळू काठी घेऊन उठला, तिच्यापाशी गेला. मेंढी सुटली, पण त्याची टाच रक्तानं भिजली होती.

"का म्हून उठलात?" संध्याकाळी सत्यभामेनं विचारलं.

"मेली असती ती."

"आन् तुमचा पाय गेला असता मंजी?"

दोन दिवसांत जखमेत पू झाला. डॉक्टरानं ती पुन्हा उघडून धुतली आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

आश्विनात तो नदीच्या वाळूत पाय टाकायला शिकला. आधी चवडा, मग हळूच टाच. वाळू सोसायची. खड्यावर पाय पडला की कळ थेट मांडीपर्यंत जायची.

दिवाळीनंतर धनगरांचे तांडे खतासाठी शेतात मेंढरं बसवायला केजकडं निघाले. म्हाळूला कोकरांसोबत तट्टावर बसवलं.

"काय बे म्हाळू, नवरदेव झालास का?" पुढं चाललेला तांड्यातला सटवा हसला. म्हाळूनं मान खाली घातली. काळं मऊ रान लागल्यावर मात्र तो न सांगता उतरला आणि तट्टाचा लगाम धरून बांधापर्यंत चालला. त्या रात्री पाय सुजून भोपळा झाला. सत्यभामा शेकत बसली. "उद्या न्हाई उतरायचं," एवढंच म्हणाली. तो उद्याही उतरला.

दोन वर्षांत काळ्या रानात तो अर्धा दिवस चालू लागला. डोंगर मात्र कायमचा सुटला. तिथं सत्यभामाच चढायची. पायथ्याला कोकरं सांभाळत बसलेला म्हाळू तिला उशीर झाला की उठायचा, चार पावलं चढायचा, आणि परत खाली बसायचा.