डॉक्टरांच्या गाडीचा काटा

स्पेअर पार्टच्या दुकानात न खपलेला माल गंजतो, किस्से मात्र गंजत नाहीत. उलट दरवर्षी जरा चकचकीतच होतात. माझ्या गिरगावातल्या दुकानात अशा किश्शांचं कपाट भरेल, आणि त्यातला वरचा कप्पा एकट्या डॉक्टरांच्या गाडीचा.

डॉक्टर बाळंतपणं करायचे. गाडी लढाईच्या आधीची, विलायती. तिच्या टाकीत बुचाचा फ्लोट असतो; तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि समोरचा काटा हलतो. ते बूच फुगून वरच अडकलं आणि काटा कायमचा 'फुल'वर बसला.

डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आमच्या घरात तेवढी एकच वस्तू तृप्त आहे."

आम्ही हसायचो. मग एकदा करी रोडच्या पुलावर, काटा 'फुल'वर असताना, गाडी कोरडी पडली. डॉक्टर बॅग घेऊन धावत गेले. बाई वाचली, मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. हातात टाकी मोजायला वेताची काठी. "बापूशेठ, मला फ्लोट आणून द्या. कुठूनही."

*

कुठूनही म्हणजे कुठून? विलायतेहून माल येणं जवळजवळ बंद झालेलं. चोरबाजारात एकजण म्हणाला, "फ्लोट है शेठ, मगर गाडी के अंदर है. गाडी ले जाओ."

शेवटी एका लॉरीचा फ्लोट मिळाला. बसवायचा खोताच्या वाडीतल्या पास्कल मिस्त्रीने. गाडी त्या बोळात शिरेना, म्हणून टाकी रिकामी करून, चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतली. पुढे पास्कल, मागे मी.

एका म्हातारीने गॅलरीतून हात जोडले. "कोण गेलं रे?"

"कोण नाय गेला, आजी," पास्कल म्हणाला. "पोटात दुखते."

*

लॉरीचा फ्लोट बसला, पण काटा उलटा चालायला लागला. टाकी भरली की 'एम्प्टी', संपली की 'फुल'.

डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही. पूर्वी नुसतं खोटं बोलायचा, आता निदान नियमाने बोलतो."

पण काठी काही त्यांनी सोडली नाही.

*

दादरला सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांकडे अगदी तीच गाडी होती. रोज पुसलेली, बोनेटमध्ये चेहरा दिसेल अशी. मी चौकशी केली, तर म्हातारा भडकला. "माझ्या जिवंत गाडीचा पोट फाडते काय?"

मी उठलो. दारातून त्यांनी विचारलं, "तुझा डॉक्टर गाडी घेऊन जाते कुठे?"

"चाळींमध्ये. बाळंतपणाला."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. "आपण तर फक्त हवा खायला जाते," म्हणाले, आणि कोट काढून स्वतः गाडीखाली शिरले.

त्या दिवसापासून डॉक्टरांचा काटा खरं बोलायला लागला. डॉक्टरांचा मात्र विश्वास बसेना. आधी काटा बघायचे, मग काठी घालायचे.

*

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका हरताळाला लालबागच्या चाळीतून निरोप आला: बाई अडलीय. पेट्रोलपंप बंद, काटा 'एम्प्टी'ला टेकलेला. काठीही तेच सांगत होती. डॉक्टर तरी निघाले.

रस्त्यात पोरांनी दगड रचले होते. बॅग बघून त्यांनी गाडीपुरते दगड बाजूला केले, आणि गाडी गेल्यावर परत जागच्या जागी लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन दुकानासमोर हजर. डोळे तांबारलेले, आवाज चढलेला. "बापूशेठ, काटा परत बिघडला. चाळीत शिरताना शून्यावर, बाहेर आलो तर अर्ध्यावर!"

पास्कल दुकानातच होता. त्याने डॉक्टरांच्या हातातली काठी घेतली, टाकीत घातली, वर काढली. अर्ध्यापर्यंत ओली. डॉक्टरांनी ती नाकाशी धरली.

मी विचारलं, "पेट्रोलच ओतलंय रात्री कुणीतरी. त्या चाळीत मोटार कुणाकडे आहे?"

"मोटार?" डॉक्टर म्हणाले. "बाळाला गुंडाळायला धड फडकं नव्हतं तिथं."

मग ती काठी त्यांनी माझ्या काउंटरला टेकवून ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.