हयात आईच्या आठवणी

आमचे हे लेखक झाले ते निवृत्तीनंतर. त्याआधी ते पाणीपट्टीच्या कार्यालयात होते. लोकांचे तक्रार अर्ज वाचायचे आणि ते कुठल्या टेबलाकडे ढकलायचे ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. लिहिण्याची हौस लहानपणापासूनची, असं ते हल्ली मुलाखतीत सांगतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी तरी त्यांना वाणसामानाची यादी लिहितानासुद्धा पाहिलेलं नाही.

पण पुस्तक निघालं, हे खरं. ‘सुटलेलं बोट’ असं त्याचं नाव. विषय आई. यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

हे पुस्तक कसं लिहिलं गेलं ते ऐकण्यासारखं आहे. यांना लिहायला शांतता हवी होती. आमच्या घरात शांत खोली एकच, सासूबाईंची. खिडकीसमोर झाड, रस्त्याचा आवाज नाही, सकाळचं ऊन थेट टेबलावर. सासूबाई तिथे आपल्या वेताच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकायच्या, अधूनमधून खोकायच्या, आणि मनात आलं की विचारायच्या, “बाळ, चहा घेतोस का रे?” साठी उलटलेल्या बाळाची त्यामुळे समाधी भंग पावायची. शेवटी यांनी आईला बहिणीकडे पोचवायचं ठरवलं. पुस्तक पूर्ण होईपर्यंतच, असं म्हणाले.

मी भांडले. म्हटलं, “अहो, ज्यांच्यावर लिहायचं त्यांनाच घराबाहेर काढताय?”

“तुला निर्मितीची प्रक्रिया कळायची नाही,” हे म्हणाले.

कबूल. निर्मितीतलं मला काही कळत नाही. मी आपली दोन मुलं तेवढी निर्माण केली.

सासूबाई एक पिशवी आणि रेडिओ घेऊन गेल्या. खुर्ची मागे राहिली, कारण वन्संच्या घरात ती मावत नव्हती. त्याच खुर्चीकडे बघत यांनी शेवटचं प्रकरण लिहिलं, ‘रिकामी खुर्ची’. ती खुर्ची बघून लेखकाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं त्यात आहे. समोर बसून वाढणारी मी होते, तेव्हा घास किती उतरत होते ते मला विचारा.

पुस्तक पूर्ण झालं, तर म्हणे अजून मुद्रितं तपासायचीत. ती तपासली, तर प्रकाशन. प्रकाशन झालं, तर दौरा. सासूबाई दर रविवारी फोन करायच्या. “सूनबाई, झालं का गं त्याचं? मी पिशवी भरूनच ठेवलीय.” लेकाच्या पुस्तकाचं त्यांना कौतुक होतंच, पण त्यांना घरी यायचं होतं. आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत. दुसरं काही मागत नव्हत्या बिचाऱ्या. आणि मी दर रविवारी “बस, थोडेच दिवस” म्हणताना शरमून जायची.

दौरा म्हणजे प्रकाशकांची जुनी गाडी. मागचा सगळा भाग पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी भरलेला. गाडी स्वतः प्रकाशक चालवणार, शेजारी हे, आणि मागच्या अर्ध्या सीटवर मी, मांडीवर एक गठ्ठा घेऊन. मी कशाला? तर यांच्या घशाच्या गोळ्या, दोन पेनं, जादा सदरा आणि पायमोजे कुठे आहेत हे जगात फक्त मला ठाऊक असतं.

प्रकाशक मोठे हिशेबी गृहस्थ. मुखपृष्ठावर सासूबाईंचा जुना फोटो घालून त्याला त्यांनी जाड काळी चौकट केली होती. मी विचारलं, “हे काय हो?” तर म्हणाले, “उठून दिसतं, वहिनी.” उठून दिसलं खरं, पण कसं, ते पहिल्याच गावी कळलं.

तिथल्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि शेवटचं पान, एवढाच मजकूर अभ्यासला असावा. स्वागत झाल्यावर ते गंभीर आवाजात म्हणाले, “लेखकाच्या दिवंगत मातोश्रींना आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.”

सगळं सभागृह उभं राहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हे हात वर करतील, हसतील, म्हणतील, अहो, आई ठणठणीत आहे माझी. हे उठले. कोटाचं बटण लावलं. मान खाली घातली.

त्या संध्याकाळी पुस्तकं भराभर गेली. बायका डोळे पुसत रांगेत उभ्या होत्या. हे प्रत्येकीला मान तिरकी करून विचारत होते, “कोणाच्या नावानं लिहू?”

गाडीत बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. “अहो, जिवंत बाईला मारलंत तुम्ही!”

“मी काय बोललो? एक शब्द तरी बोललो का?” हे म्हणाले. “भर सभेत अध्यक्षांचा अपमान करायचा का?”

“बरोबर आहे,” प्रकाशक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. “वहिनी, ते फक्त उभे राहिले.”

आणि मग दर गावी हे फक्त उभे राहू लागले. प्रकाशक आदल्या दिवशी फोन करून व्यवस्थेची चौकशी करायचे: माइक आहे ना, टेबलाला कापड आहे ना, आणि शांतता ठेवली आहे ना कार्यक्रमात?

यांचा दिनक्रमही ठरून गेला. सकाळी लॉजच्या खोलीत आरशासमोर दाढी करताना वाचनाचा सराव. आवाज कुठे भरून आणायचा तिथे पुस्तकात पेन्सिलीनं खूण केलेली होती. मग लॉजच्या धोब्याच्या पावतीमागे सहीचा सराव. कार्यालयात यांची सही म्हणजे मुंगी चिरडल्यासारखी असायची. आता तिला शेवटी एक लांबलचक शेपूट फुटलं होतं आणि त्या शेपटाखाली दोन टिंबं. दुपारी गावातल्या पुस्तकाच्या दुकानात साध्या वेशात फेरी. साधा वेश म्हणजे चष्मा खिशात. तिथे खालच्या फळीवरची आपली प्रत उचलून वर, डोळ्यांसमोर येईल अशी ठेवायची आणि दुकानदाराला सहज विचारायचं, “हे पुस्तक म्हणे बरंच चाललंय?” एका दुकानदारानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. “हे होय? तुम्हीच पहिले विचारणारे,” म्हणाला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. खुर्चीनं जे साधलं नव्हतं ते दुकानदारानं साधलं.

संध्याकाळी कार्यक्रम. माझी जागा तिसऱ्या रांगेत, अनोळखी वाचक म्हणून. वाचन संपल्यावर लोक प्रश्न विचारायला लाजतात, म्हणून पहिला प्रश्न मी विचारायचा, असं या दोघांनी मला पढवलं होतं. मी उठून विचारायची, “आई आज कुठे असतील असं तुम्हांला वाटतं?” हे छताकडे बघायचे. पेला उचलून घोटभर पाणी प्यायचे. मग म्हणायचे, “ती कुठे नाही? ती सगळीकडे आहे.” टाळ्या.

एका गावी शांततेच्या ऐन मध्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. दिवस रविवारचा. मी वाकून तो शोधेपर्यंत शेजारचे गृहस्थ माझ्यावर खेकसले, “अहो बाई, निदान गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा!” आता त्यांना काय सांगू? गेलेलं माणूसच फोनवर होतं. मी बाहेर व्हरांड्यात आले.

“काय गं, कुठे आहेस?” सासूबाई विचारत होत्या. “सगळं एवढं गप्प का?”

“कार्यक्रमात आहे, आई.”

“शेवटचं गाव आमचंच ना? मी सगळं आवरलंय हो. तिथूनच तुमच्याबरोबर गाडीत बसते. बाळला सांगून ठेव.”

फोन ठेवला आणि मला तिथेच रडू आलं. आत टाळ्या पडत होत्या, बाहेर मी पदरानं डोळे पुसत होते. दारातून डोकावलेल्या एका बाईला वाटलं, पुस्तक फारच परिणामकारक आहे. ती एक प्रत घेऊन गेली.

निरोप मी यांना सांगितला. यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी शेवटचं गाव रद्द करायची भाषा झाली. प्रकाशकांनी साफ नकार दिला, म्हणाले, सभागृह घेऊन झालंय आणि गठ्ठे अजून मानेपर्यंत आहेत. मग यांनी बहिणीला फोन लावला. आईला आणू नकोस, जिना उंच आहे, गर्दी आहे, धूळ आहे, तिला सोसायचं नाही. घरी नेण्याचं काय, असं वन्संनी विचारलं असावं, कारण हे म्हणाले, “बघू गं. आता दुसरा भाग लिहायचा म्हणताहेत. खोली लागेल.”

दुसरा भाग! हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे अंघोळीला गेल्यावर मीही वन्संना फोन लावला. म्हटलं, “वन्सं, आईंना घेऊन या. पिशवीसकट या.”

शेवटच्या गावचं सभागृह भरलेलं होतं. यांनी मला बजावलं, “आज तो प्रश्न नको. साधं काहीतरी विचार.” मी मान डोलावली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. सुरुवातीलाच सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सगळ्यांना उभं केलं. मी हळूच मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या रांगेत वन्संच्या दंडाचा आधार घेऊन सासूबाई उभ्या होत्या. मान खाली, हात जोडलेले. कुणीतरी गेलंय म्हणताहेत तर उभं राहावं, इतकंच त्यांना कळलेलं. मला भयंकर लाज वाटली. यांची वाटली, माझी वाटली, त्या अख्ख्या सभागृहाची वाटली.

खाली बसल्यावर त्यांनी शेजारणीला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. “कोण गेलं हो?” शेजारणीनं मुखपृष्ठ दाखवलं. सासूबाईंनी चष्मा वर करून ते जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “अगं बाई,” म्हणाल्या.

वाचन झालं. आवाज खुणेच्या जागी भरून आला. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले. यांनी डोळे मोठे केले. मी म्हटलं, “आई आज कुठे असतील असं तुम्हांला वाटतं?”

सवयीपुढे कुणाचं काय चालतं? यांची नजर आपोआप छताकडे गेली, हात पेल्याकडे गेला. “ती कुठे नाही? ती...”

“इथे आहे रे, बाळ,” दाराजवळून आवाज आला.

पेला यांच्या हातातून सुटून टेबलाच्या कापडावर लवंडला. लोक वळले. काहींनी मुखपृष्ठ पाहिलं, मग सासूबाईंना पाहिलं, मग पुन्हा मुखपृष्ठ. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

आता यांची फजिती होणार, असं मला वाटलं. पण माणूस आयुष्यभर तक्रार अर्ज ढकलत आलाय. हे माइक ओढून म्हणाले, “मित्रहो, आपण नेहमी उशीर करतो. मी म्हणतो, श्रद्धांजली माणसाच्या हयातीतच वाहिली पाहिजे!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा मी बाकी ठेवला.

तोवर दोघीतिघींनी सासूबाईंना धरून मंचावर नेलं होतं. त्यांनी माइक हातात घेतला.

“पुस्तक मी वाचलं. लेकीनं खाकी कव्हर घालून दिलेलं, भिंग लावून वाचलं,” त्या म्हणाल्या. “शेवटचं प्रकरण तर परत परत वाचलं. माझी खुर्ची रिकामी बघून याच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणे. मला कुणी बोललंच नाही हो, नाहीतर मी कधीच आले असते. आज याच्याच गाडीनं घरी जातेय. पिशवी आणलीय.”

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. भाबडी माउली, असं कुणीतरी म्हणालं. मी त्यांना बरीच वर्षं ओळखते, म्हणून मी काही बोलले नाही.

नंतर सहीची रांग लागली. ती यांच्या टेबलासमोरून हळूहळू सरकली आणि सासूबाईंच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. त्या एकेक अक्षर सुटं काढून सही करत होत्या. शेपूट नाही, टिंबं नाहीत. हे पेनाचं टोपण काढून बसले होते, बसूनच राहिले.

बाहेर गाडीपाशी आल्यावर यांना एकदम धीर आला. “आई, आज जागा नाही गं,” हे म्हणाले. “बघ ना, मागे सगळे गठ्ठे. पुढच्या महिन्यात मी स्वतः येतो तुला न्यायला.”

सासूबाई पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होत्या. पायऱ्यांवर लोक उभे होते, सही घेतलेली पुस्तकं छातीशी धरून.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “पुस्तकातली आई थोडी खाली उतरव. म्हणजे तुला मागे बसता येईल.”

यांनी प्रकाशकांकडे पाहिलं. प्रकाशक गाडीच्या किल्लीकडे बघत होते. वन्सं पुढे झाल्या. “दे रे दादा इकडे. आईचा पलंग रिकामाच झालाय, तिथे ठेवते. जागेची काळजी करू नकोस.”

यांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि पहिला गठ्ठा उचलला. वरच्या प्रतीवर काळ्या चौकटीत सासूबाई होत्या. पुढच्या सीटवरच्या सासूबाई खिडकीची काच खाली करून सांगत होत्या, “जपून रे बाळ. कंबर धरेल तुझी.”