बोटावरची दोरी

मासेमारीवरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्हींत एकेकच सभासद. एक माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आणि दुसरा मी. बाकीचं घर फक्त कालवण खातं.

आप्पांचा सगळा सरंजाम बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतो. तंगुसाची म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीची गुंडाळी, चार गळ, पुडीत ओल्या मातीतली गांडुळं, आणि वजनाला ते कामाला होते त्या भोसरीच्या प्रेस शॉपमधून जमवलेले लोखंडी नट. गळाला गांडूळ लावायचं, दोरीच्या टोकाला नट बांधून ती लांब फेकायची, तळाला बसू द्यायची. मग दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर ठेवून गप्प बसायचं. मासा तळाशी काय करतोय ते बोटाला कळतं, डोळ्यांचं तिथे काही काम नसतं.

माझ्याकडे रॉड, रीळ आणि ऑनलाइन मागवलेले जिग आहेत. जिग म्हणजे शिशाचा बोटभर खोटा मासा, वर चमकीचा रंग आणि पोटाशी गळ. त्याला आमिष लागत नाही. तळाला टेकला की मनगटाने झटका देऊन उचलायचा, पुन्हा पडू द्यायचा. खालच्या माशाला तो घायाळ वाटतो आणि मासा त्याच्यावर झडप घालतो. चाकणच्या कंपनीत मी शिफ्टभर एका जागी उभा राहून पार्ट तपासतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तरी हात हलावा असं मला वाटतं.

आप्पांना हे कधी पटलं नाही. "पोटात काय न्हाई आन् नुसतं नाचवायचं," असं ते म्हणत. त्यांचं बालपण सोलापूरकडे भीमेच्या काठी गेलं आणि तिथला एक रिवाज ते काळेवाडीत येऊनही पाळत आले. पहिलं गांडूळ गळाला न लावता पाण्यात सोडायचं. फसवायचंच आहे तर आधी एक घास खरा द्यावा, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. दुसरी शिकवण जास्त कडक होती: दोरी बोटावर ठेवायची, बोटाला गुंडाळायची नाही. मोठ्या माशाने हिसका दिला तर दोरी सुटली पाहिजे, नाहीतर बोट कापतं. लहानपणी मी एकदा गुंडाळली तेव्हा पाठीत असा धपाटा बसला होता की अजून आठवतो.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. बाइकवरून आम्ही चाकणच्या पुढे धरणावर जायचो. गेली दोन वर्षं आप्पांचा गळ सारखा रिकामा वर यायचा. गांडूळ साफ खाल्लेलं, मासा नाही. मला मात्र जिगवर काही ना काही लागायचं. मी त्यांना सारखा चिडवायचो. एकदा म्हणालो, "आप्पा, तुम्ही इथे अन्नछत्र काढलंय." ते हसले नाहीत. दुसरं गांडूळ लावायला डबा उघडला, पण झाकण उघडायलाच त्यांना बराच वेळ लागला. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ. मी त्यांच्यापासून वीसेक पावलांवर जिग उचलत होतो. सहज त्यांच्याकडे बघितलं तर त्यांची दोरी थरथरत होती. ताणली जात होती, सैल पडत होती, पुन्हा ताणली जात होती. इतक्या लांबून मला दिसत होतं आणि आप्पा शांतपणे समोरच्या डोंगराकडे बघत बसले होते. मी हाक मारणार तेवढ्यात दोरी एकदम सरळ झाली आणि त्यांचा हात पुढे खेचला गेला.

मी रॉड टाकून धावलो. दोन्ही हातांनी दोरी धरली, तेव्हा दिसलं की त्यांनी ती बोटाला दोन वेढे देऊन गुंडाळली होती. तंगूस कातडीत रुतलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मासा तोडून गेला. मी वेढे सोडवत होतो तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"लागलंय का मला?" त्यांनी विचारलं.

रुमाल बांधता बांधता सगळं बाहेर आलं. शुगरने बोटं बधिर झाली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, कारण मग धरणावर जाणं बंद झालं असतं. बोटावर दोरी आहे की नाही हेसुद्धा कळेना, म्हणून ते ती गुंडाळायला लागले होते. आणि मी अन्नछत्र म्हणालो होतो. मला माझीच लाज वाटली, आजही वाटते.

आप्पांनी डबा बंद केला आणि माझ्याकडे सरकवला. "तू घे. माझं झालं आता."

मी जिग द्यायचा विचार केला. त्याचा दणका मनगटाला बसतो, तो कदाचित त्यांना कळला असता. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते बोलवलं नाही. मी डबा उघडला, गळाला गांडूळ लावलं, दोरी फेकली आणि माझ्या बोटावर ठेवली. ते शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने बोटाला बारीक टकटक झाली. जिगच्या सवयीने मी लगेच झटका दिला. गळ रिकामा.

"घास तर घेऊ दे की त्याला," आप्पा म्हणाले. "काय कळतंय ते नुसतं सांग. ओढायचं मी बगतो."

पुन्हा दोरी टाकली. मी सांगत गेलो: दोनदा टोचलं, थांबलं, आता अलगद बाजूला नेतंय. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी चांगल्या हाताने माझ्या बोटापुढे दोरी धरली आणि ओढली. वीतभर शिंगाळा आला. त्यांनी काटे चुकवून तो सोडवला आणि पाण्यात परत टाकला.

येताना तळेगाव चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. बाइकवर मागे बसलेल्या आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पयल्यांदा टोचलं तवा कसं वाटलं, परत सांग."

मी परत सांगितलं. भोसरी येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.